नाश, मुख्यतः माणसांचा

माणसाने व्याह्याला काय हवे ते द्यावे, पण शब्द देऊ नये. हे वाक्य लॅटिनमास्तरांचे. ते त्यांना सुचले तेव्हा दिलेला शब्द पत्र्यातून कापून, लाल रंग लावून, एका भिंतीवर चढवून झाला होता. भिंतीसकट तो खाली आला होता आणि त्याच्याखाली एक माणूस सापडला होता. म्हणजे सुचायला तसा उशीरच झाला. पण मास्तरांना सगळेच उशिरा सुचे. ज्या शाळेत ते लॅटिन शिकवत, ती शाळा लॅटिन बंद करणार हे शिपायाला कळून वर्ष झाले, तेव्हा मास्तरांना कळले. उरलेली नोकरी त्यांनी नकाशांचे कपाट सांभाळून काढली.

तर मास्तरांच्या एकुलत्या एक मुलीचे, माऊचे, लग्न ठरले. मुलगा शांत, दिसायला बरा, आपल्या वडिलांचा फोन हातात धरून त्यांच्या मागे चालणारा. वडील ठेकेदार. घरे बांधणारे ठेकेदार त्या शहरात पैशाला पासरी होते, पण हे घरे पाडणारे. जुनी गोदामे, बंद कारखाने, वाकलेल्या चाळी, काहीही सांगा, महिन्याभरात तिथे सपाट जमीन. मास्तरांच्या दोन खोल्यांत ते पहिल्यांदा आले तेव्हा बसल्या बसल्या छताकडे असे काही बघत राहिले की मास्तरांना चहा गोड लागेना.

लग्नाची बोलणी पक्की झाली त्याच दिवशी ठेकेदार खुर्चीत सरसावून म्हणाले, "व्याही, एक किरकोळ काम होतं तुमच्याकडे."

"बोला ना."

"आम्ही आता रीतसर कंपनी काढतोय. 'इमारती पाडून मिळतील' असं किती दिवस लिहायचं? लोक भांडीवाल्याशी बोलावं तसे बोलतात. नाव कसं परदेशी पाहिजे, वजनदार. तुमच्या लॅटिनमध्ये नाशाला काय म्हणतात?"

मास्तरांचे डोळे भरून आले. अख्ख्या नोकरीत त्यांना आपण होऊन कुणी लॅटिन शब्द विचारला नव्हता. मुले विचारत ते एवढेच, की हे परीक्षेत येणार का. आणि आज एक धडधाकट, कमावता माणूस, परीक्षेचा काही संबंध नसताना, त्यांच्या घरी येऊन शब्द मागत होता. दुसरा कुणी असता तर त्याने पटकन एक शब्द काढून दिला असता आणि विषय मिटला असता. मास्तरांनी चष्मा पुसला आणि विचारले, "कोणता नाश?"

"कोणता म्हणजे? नाश तो नाश."

"असं कसं? आपोआप पडलं, तर रुइना."

"आमच्याकडे आपोआप काही पडत नाही. आम्ही पाडतो."

"शेतंभातं उजाड केली तर वास्तातिओ. रोगासारखं आतून पोखरत गेलं तर पेर्निकिएस. माणसाचा शेवट झाला, घराणं बुडालं, तर एक्सिटियम. आणि तटबंदीसकट नगर पायापासून उखडलं, जमीनदोस्त केलं, तर एक्सिडियम."

"हा शेवटचा द्या," ठेकेदार म्हणाले. दुकानदाराने ठाण उलगडून दाखवावे आणि गिऱ्हाइकाने बोट ठेवावे, इतक्या सहज त्यांनी तो शब्द उचलला. मास्तरांना परमानंद झाला. निवड बिनचूक होती. आपला व्याही हा वरवर दिसतो तसा नसून आतून लॅटिनला अनुकूल आहे, असे त्यांचे मत झाले आणि ते त्यांनी माऊला दोनदा ऐकवले.

आता इथेच थांबले असते तर कुणाचेच काही बिघडले नसते. पण नाव ठेवायचे म्हटले की अख्खी इमारत बारशाला आल्यासारखी गोळा होते. वरच्या मजल्यावर एक निवृत्त विमा एजंट राहत, सगळे त्यांना विमाकाका म्हणत. त्यांनी आयुष्यभर लोकांना मरणाची आठवण करून देऊन पोट भरले होते, त्यामुळे नाश हा ते आपला विषय समजत. ते म्हणाले, "एवढं लांब कशाला जायचं? 'सत्यानाश' ठेवा. लहान पोराला कळेल." खालच्या शिंप्याने शब्द न विचारता त्याची मापे विचारली. "गाडीच्या दारावर मावतंय का बघा आधी. शिवून झाल्यावर उसवायला जास्त वेळ लागतो."

शिंप्याचे खरे ठरले. ठेकेदारांच्या गाडीच्या दारावर रंगाऱ्याच्या हिशेबाने सातच अक्षरे बसत, आणि मास्तरांचा शब्द रोमन लिपीत आठ अक्षरांचा होता.

"एक अक्षर काढून टाका," ठेकेदार म्हणाले.

"लॅटिनमधून अक्षर काढता येत नाही," मास्तर म्हणाले. आपले एक बोट कुणी मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"मग सातवाला एखादा द्या. तो घराणं बुडवायचा होता, तो किती अक्षरी?"

तो नेमका सात अक्षरी होता. मास्तरांनी परोपरीने समजावले की एक्सिटियम हा माणसांच्या नाशाचा शब्द आहे, इमारतींना तो क्वचित लागतो, वाचणाऱ्याचा भलताच समज होईल.

"इथे वाचणाऱ्याला कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

ठेकेदारांनी आपल्या मुलाकडे पाहिले, मग चहाचे कप उचलणाऱ्या माऊकडे पाहिले, आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "लग्नाची तारीख काढायचीय ना व्याही? का आधी नावाचं भिजत घोंगडं सुकू द्यायचं?"

माऊची आई ती लहान असतानाच गेली होती. तिच्या वाटचे वेणीफणीपासूनचे सगळे मास्तरांनी केले होते, बहुतेक वाईट केले होते, आणि या पोरीचे एकदा नीट व्हावे यापलीकडे त्यांचे देवाकडे काही मागणे उरले नव्हते. त्यांनी मान हलवली. शब्द सात अक्षरांचा ठरला. त्या दिवशी ते भरल्या ताटावरून उठले. माऊने विचारले तेव्हा ते म्हणाले, दात दुखतोय.

पुढे नावाची नोंदणी. त्या कचेरीतल्या कारकुनाने कागद उलटासुलटा करून पाहिला. शब्द परक्या भाषेतला असेल तर अर्थ लिहून, त्या भाषेच्या शिक्षकाकडून साक्षांकित करून आणायचा, असा नियम होता.

"मीच शिक्षक आहे," मास्तर म्हणाले.

"सेवेत आहात?"

"निवृत्त आहे."

"मग सेवेतला आणा."

"लॅटिनचा शिक्षक आता कुठेच सेवेत नाही हो."

"तसा दाखला आणा मग."

"कुणाचा?"

"लॅटिनच्या शिक्षकाचा," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावू लागला. मास्तर तिथे चार वेळा गेले. पाचव्या वेळी ठेकेदारांनी कुणाला तरी फोन केला आणि तोच कारकून मास्तरांना खुर्ची पुसून देऊ लागला. अर्थाच्या रकान्यात मास्तरांनी, टोचणाऱ्या मनाला तेवढेच बरे वाटावे म्हणून, सगळे खरे खरे लिहिले. 'नाश, मुख्यतः माणसांचा, इमारतींच्या बाबतीत वापर विरळ.' कारकुनाने न वाचता शिक्का मारला. मास्तरांना हलके वाटले. निदान सरकारदरबारी आपण खोटे बोललो नाही, असे ते घरी येताना स्वतःला सांगत होते.

मग आला फोटोचा दिवस. एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचे पाडकाम चालू होते. छत गेले होते, बाजूच्या भिंती गेल्या होत्या, दर्शनी भिंत तेवढी उभी होती. कंपनीच्या नावाची पुरुषभर उंचीची सात पत्र्याची अक्षरे त्या भिंतीवर चढवली होती. समोर ठेकेदार, त्यांचा मुलगा, एक इंजिनिअर आणि 'नामकरण करणारे विद्वान' म्हणून मास्तर, इस्त्रीच्या सदऱ्यात. माऊला कामावरून सुटी मिळाली नव्हती. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर एका डोळ्याने बघत मागे मागे सरकत होता.

अर्धवट पाडलेल्या भिंतीला तिरके टेकू लावतात. ते लावणारा माणूस वेगळा असतो, त्याला सगळे टेकूवाला म्हणत. मध्यम वयाचा, बारीक, कानाला अर्धी विडी अडकवलेला. फोटोत आपण नको म्हणून तो आपणहून बाजूला जाऊन उभा राहिला होता.

"शेवटचं अक्षर दिसत नाहीये," मास्तर म्हणाले.

"काय?"

"एम. तो टेकूच्या मागे गेलाय. एम नसेल तर तो शब्दच होत नाही. 'एक्सिटियू' असं लॅटिनमध्ये काहीच नाही."

शब्द चुकीचा होता हे मास्तरांनी गिळले होते. पण चुकीचा शब्द तरी पुरा असावा! माणसाचा अभिमान मोठ्या गोष्टीत मोडला की लहान गोष्टीत जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही.

"काढ रे तो टेकू," ठेकेदार म्हणाले. "दोन मिनिटं."

"धुळीसाठी पाणी मारलंय साहेब भिंतीला," टेकूवाला म्हणाला. "ओल्या भिंतीचा टेकू हलवू नये."

"फोटोला वेळ लागतो का काही? काढ."

टेकूवाल्याने इंजिनिअरकडे पाहिले. इंजिनिअर बुटाला लागलेला चिखल बघत होता. मग टेकूवाल्याने मास्तरांकडे पाहिले, कारण त्या घोळक्यात तेवढाच एक माणूस शिकलेला आणि म्हातारा दिसत होता. फळ्याकडे जायला बिचकणाऱ्या मुलाला धीर द्यावा तशी मास्तरांनी त्याला मान हलवून खूण केली. जा, जा. त्याने टेकू काढला.

फोटो उत्तम आला. टेकूवाला टेकू परत लावायला गेला. मास्तर तेव्हा फोटोग्राफरला शब्दाचे स्पेलिंग सांगत होते. आवाज झाला तेव्हा ते 'टी'वर होते.

धूळ बसायला बराच वेळ लागला. माणसे धावली, हातांनी विटा उपसू लागली. मास्तरही उपसत होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि तोंडाने 'अहो, अहो' एवढेच म्हणत होते. त्या माणसाचे नाव त्यांना माहीत नव्हते. तो सापडला तेव्हा काही उरले नव्हते करण्यासारखे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सातही अक्षरे स्वच्छ. विमाकाका पेपर घेऊन खाली आले, बराच वेळ बसले आणि उठताना म्हणाले, "तरी मी सांगत होतो, सत्यानाश ठेवा." कुणी हसले नाही, तेही हसले नाहीत. सांत्वन करायला गेले की त्यांच्या तोंडून नेहमी असलेच काहीतरी निघे.

चौकशी समिती बसली. समितीचे प्रमुख एक साहेब होते, त्यांना कायमची सर्दी होती. पहिल्या बैठकीत इंजिनिअरने आराखडा दाखवला. आराखड्यात टेकू होता. मग फोटो पुढे आला. फोटोत टेकू नव्हता. कागदावर आहे म्हणजे होता, आणि फोटोत नाही म्हणजे नव्हता. या दोहोंच्या मधे समितीने बऱ्याच बैठका घातल्या. टेकू नव्हताच, तर काढणार कोण? होता, तर मग गेला कुठे? ज्याचे काम टेकू लावण्याचे, त्यालाच विचारले पाहिजे, असे एक सभासद म्हणाले. तो मेला आहे याची त्यांना आठवण करून द्यावी लागली.

समिती अशी अडली असताना कुणाला तरी नावनोंदणीचा कागद मिळाला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. 'नाश, मुख्यतः माणसांचा.' बघणारे सांगतात, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम तजेला आला. माणसांचा नाश करणारी म्हणून कंपनीने स्वतःची नोंदणी केलेली होती, शिक्क्यासकट! आता भिंत, पाणी, टेकू, इंजिनिअर यांच्या मागे लागण्याचे कारण राहिले नाही. दोष सापडला होता. सात अक्षरांचा होता आणि तो तुरुंगात टाकावा लागणार नव्हता. फक्त तो कुणी पुरवला एवढे नोंदवायचे बाकी होते.

मास्तरांना बोलावणे आले. त्याच्या आदल्या दिवशी ठेकेदार घरी आले. थोडे वाळल्यासारखे दिसत होते.

"व्याही, तुम्ही फक्त एवढंच सांगा की शब्द चुकला. खोटं सांगू नका. चुकला होता की नाही?"

"चुकला होता," मास्तर म्हणाले. ते खरेच होते.

"बस. टेकूबिकूत शिरू नका. तुम्हाला काय करणार आहेत? निवृत्त माणूस तुम्ही. मी अडकलो तर मुलगा अडकणार. तोही तिथे होता. मग लग्न कुठलं?" त्यांचा आवाज खाली आला. "मलाही झोप नाही हो. त्याच्या बायकोला काही कमी पडू देणार नाही मी. पण माझ्या पोराचा काय गुन्हा?"

शेजाऱ्यांनीही सल्ले दिले. शिंपी म्हणाला, विचारतील तेवढंच कापा. विमाकाका म्हणाले, हो किंवा नाही, तिसरा शब्द नको. मास्तर सगळ्यांना हो म्हणाले.

चौकशीच्या खोलीबाहेर एक बाकडे होते. त्यावर एक बाई बसली होती. शिपायाने मास्तरांना हळूच सांगितले की ही टेकूवाल्याची बायको. तिला साक्षीला बोलावलेले नव्हते, कारण ती जागेवर हजर नव्हती. पण ती रोज येऊन बसे. मास्तर तिच्यापुढून गेले तेव्हा तिने पाय आखडून त्यांना वाट दिली. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांच्याच्याने पाहवले नाही.

आत पहिल्या खुर्चीत ठेकेदार, शेजारी त्यांचा मुलगा, हातात वडिलांचा फोन.

"हा शब्द तुम्ही पुरवलात?" साहेबांनी नाक शिंकरून विचारले.

"हो."

"बरोबर होता?"

"नाही. चुकीचा होता. इमारतीसाठी दुसरा शब्द आहे."

ठेकेदारांचे खांदे सैल झाले. साहेबांनी समाधानाने मान डोलावली. एवढ्यावर मास्तर सुटले असते. पण साहेब काम चोख करणारे होते. "नोंदीसाठी या शब्दाचा अर्थ आणि उपयोग सांगा," ते म्हणाले.

अर्थ मास्तरांनी सांगितला. उपयोग म्हणजे वाक्यात उपयोग. मास्तरांनी हजारो वह्यांत तो तपासला होता. वाक्य नसलेल्या शब्दाला त्यांनी कधी अर्धा गुणही दिला नव्हता. त्यांनी तोंड उघडले आणि त्यांच्या मनात त्या दिवसापासून जे घोळत होते ते बाहेर पडले, पण लॅटिनमध्ये.

"लित्तेरा होमिनी एक्सिटिओ फुइत. उनुस दिक्सित, आल्तेर युस्सित, तेर्तिउस पेरिइत."

एक अक्षर माणसाच्या नाशाला कारण झाले. एकाने म्हटले, दुसऱ्याने हुकूम दिला, तिसरा मेला.

"वा," साहेब म्हणाले. "याचा अर्थ?"

मास्तरांनी पहिल्या खुर्चीकडे पाहिले. मग दुसऱ्या खुर्चीतल्या मुलाकडे पाहिले. तो त्यांच्याकडे अगदी विश्वासाने बघत होता.

"म्हणजे... नाश हा वाईट असतो," ते म्हणाले.

"खरं आहे," साहेब म्हणाले. "मूळ वाक्य नोंदवून घ्या. भाषांतर राहू द्या, साक्षांकित नाही."

लेखनिकाला ते जमेना. म्हणून मास्तर त्याच्या शेजारी बसले आणि एकेक अक्षर सांगून त्यांनी ते वाक्य लिहून घेतले. कोण बोलले, कुणी सांगितले, कोण मेला, सगळे. लेखनिक विचारी, "इथे दोन एस का?" आणि मास्तर सांगत, "दोनच." खरे सगळे कागदावर आले होते आणि खोलीतल्या एकाही माणसाला ते कळले नव्हते. घरी जाताना मास्तरांना आपण फार चतुर आहोत असे वाटले. कोपऱ्यावर येईपर्यंत वाटले. मग ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ त्यांना उठता येईना.

निकाल लवकरच लागला. अपघाताला नावातील दोष कारणीभूत, कंपनीने नाव बदलावे, शब्द पुरवणाऱ्यास समज द्यावी. मास्तरांना समज देणारे पत्र आले. ती त्यांना नव्यानेच येत होती. ठेकेदारांनी अहवालाची एक छापील प्रत मोठ्या खुशीत सुनेसाठी पाठवली. सुटलो, आता तारीख काढू या, अशी चिठ्ठी वर जोडली होती.

या सगळ्यात मास्तरांचा एक हिशेब चुकला होता. त्या शहरात लॅटिन येणारी माणसे दोन होती. आई गेल्यावर रडणाऱ्या पोरीला झोपवायला बापाला एकही गोष्ट येत नव्हती, तेव्हा तो तिला क्रियापदे चालवून दाखवी. माऊ त्यांच्यावर वाढली होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात प्रत घेऊन उभी राहिली. मास्तर भाजी निवडत होते.

"उनुस दिक्सित," ती म्हणाली. "तो एक म्हणजे तुम्ही?"

मास्तरांच्या हातातली जुडी खाली ठेवली गेली. "हो."

"आणि आल्तेर म्हणजे ते."

"हो."

"बाबा, हे आपल्या भाषेत का नाही सांगितलंत?"

"तुझं लग्न मोडलं असतं गं."

"माझं लग्न माझं मी बघितलं असतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "आत्ता त्यालाही वाचून दाखवून आले. अर्थ सांगितला. तो रडला. खूप रडला. मग म्हणाला, माझ्या बाबांना सांगू नकोस."

"मग?"

"मग मी चपला घातल्या आणि घरी आले."

ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी शब्द बदलला, अर्थ लपवला, त्या बाईपुढून मान खाली घालून गेले, ती गोष्ट चपला घालून घरी आली होती. त्यांना रडू आले असते, पण आपल्याला त्याचा हक्क नाही असे वाटून त्यांनी ते आवरले.

"उठा," माऊ म्हणाली. "सदरा घाला. जायचंय आपल्याला."

टेकूवाल्याची बायको एका धोबीखान्यात इस्त्री करी. मागच्या खोलीत ती एकटीच होती, एका बाजूला पांढऱ्या चादरींचा ढीग, दुसऱ्या बाजूला घड्या. वाफेने भिंतीचा रंग फुगला होता. माऊने सांगितले आम्ही कोण. बाईने इस्त्री उभी ठेवली, मास्तरांना एक स्टूल सरकवून दिले, आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली.

मास्तर स्टुलावर बसले नाहीत. लॅटिनमध्ये त्यांना हे फार सोपे गेले होते. इथे वाक्य जुळेना. कर्ता सापडे तर क्रियापद सापडेना.

"बाई," ते म्हणाले, "फोटोत एक अक्षर दिसत नव्हतं. ते मी बोललो. ठेकेदारांनी टेकू काढायला सांगितलं. तुमचा माणूस नको म्हणत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला काढ म्हणून खूण केली."

बाईने चादरीचे टोक ओढून सारखे केले. "मला माहीत आहे ते," ती म्हणाली. "तिथल्या पोरांनी त्याच दिवशी सांगितलं. सगळ्या गल्लीला माहीत आहे." मग म्हणाली, "तुम्ही आत गेला होतात. मी बाहेर होते. तिथे बोललात का हे?"

"बोललो."

"त्यांना कळेल असं?"

माऊ बापाकडे बघत होती. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिले.

"नाही," ते म्हणाले.

बाईने घडी घातली, ती ढिगावर ठेवली, हाताने दाबली आणि नवी चादर पसरली.

"मग जा की परत."

"निकाल लागलाय हो. फाइल बंद झाली. आणि कचेरीही संध्याकाळी बंद होते."

तिने मान वळवून दारातून बाहेरच्या उन्हाकडे पाहिले.

"संध्याकाळ व्हायला वेळ आहे अजून," ती म्हणाली.